सासूबाईंच्या गाठोड्यातला कापूस

सिगारेट सोडायचं मी ठरवलं आणि तिथेच घात झाला. (बायको म्हणते, घात लग्नाच्या दिवशीच झाला. पण तो तिचा.) महल्ला शहरातल्या सूतगिरणीत मी हजेरी-कारकून. वडील छातीच्या दुखण्यानं गेले, म्हणून घाबरून मी व्हेप, म्हणजे बॅटरीवरची वाफेची सिगारेट, घेतला. आणि तोही तयार कॉइलचा नव्हे, घरी बांधायचा. स्क्रू-ड्रायव्हरभोवती तारेचे सहा वेढे घ्यायचे, बटण दाबून ते सगळे सारखे लाल होतात का पाहायचं, मग वेढ्यांतून कापसाची वात ओवायची. वात घट्ट झाली तर निकोटिनचा रस चढत नाही आणि घशाला चटका बसतो. सैल झाली तर सगळा रस खिशात. आठवड्याला वात बदलायची, तार तापवून घासायची. आयुष्यात मला नीट जमलेलं काम हे एवढंच.

औषधाच्या दुकानातल्या कापसाला मलमपट्टीची चव यायची. गिरणीतला तेलकट. एकदा मोजे शोधताना कपाटाच्या वरच्या फळीवर पांढऱ्या कापडाचं गाठोडं सापडलं. आत कापूस. लांब धाग्याचा, हातानं सरकी काढलेला, गिरणीतल्या माणसाचा जीव लगेच जडावा असा. चिमूटभर घेतला. पहिल्याच झुरक्याला थंडगार चव, तीही पुदिन्याशिवाय. मग काय, दर शुक्रवारी एक चिमूट. हाव सुटली तशा पुढच्या वर्षभराच्या वाती वळून डबीत भरूनही ठेवल्या.

आठ महिन्यांनी आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. सासूबाई हज करून आलेल्या, म्हणून सगळ्यांची हाजा बदिया; जिभेला हाड नसलेली बाई, पण माझी आई गेल्यावर मला गरम जेवण वाढलं ते तिनंच. हृदय थकलंय, आता घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाला. तेव्हा तिनं माझ्या बायकोला, शहिराला, गाठोडं खाली काढायला लावलं. कफन, साबण, अत्तर, कापूस. इथली प्रत्येक म्हातारी आपली तयारी आपणच करून ठेवते. हे गाठोडं मी घरोघरी पाहिलंय. फक्त स्वतःच्या घरातलं मला ओळखता आलं नाही.

कफन निघालं, साबण निघाला. कापूर लावून ठेवलेला कापूस मात्र मूठभरही उरला नव्हता. शहिराला उंदरांचा संशय आला. मी गप्प बसलो असतो तर निभावलंही असतं. पण हाजा रडायला लागली. तिच्या बापाचं शेत विकलं गेलं, त्याच्या आदल्या हंगामात तिनं तो कापूस स्वतःच्या हातानं वेचला होता.

"परक्याचा कापूस घेऊन बापापुढे कोणत्या तोंडानं जाऊ?" ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हाजा, उंदीर मीच," मी म्हटलं आणि व्हेप काढून दाखवला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अरे मेल्या, मी मेल्यावर माझ्या नाकात घालायचा कापूस तू जितेपणी तोंडात घातलास?"

मी धावत जाऊन वातींची डबी आणली. एकीलाही अजून रस लागलेला नव्हता. तिनं एक वात बोटांत चोळली, हुंगली, "आहे, आपलाच आहे" म्हणाली आणि डोळे मिटून पडली. मंगळवारी दुपारी ती गेली. (मी इतका रडलो की भेटायला आलेल्या बायका शहिराला सोडून मलाच धीर देत होत्या.)

मयताला आंघोळ घालायला उम्म हलीम आली. कापूस हाजाचाच आहे असं सांगून डबी तिच्या हाती दिली आणि मी दाराबाहेर उभा राहिलो. बोटाएवढे हे तुकडे ती फेकून देणार, दुकानातला कापूस मागणार आणि बिचारी हाजा परक्या कापसात जाणार, हीच मला भीती. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

"वाती कुणी वळल्या?" उम्म हलीमनं विचारलं.

"मी," मान खाली घालून मी म्हटलं.

"तीस वर्षं हे काम करतेय, असा हात पाहिला नाही. ना घट्ट, ना सैल. बाई आपल्याच कापसात गेली हो."

माझा जीव भांड्यात पडला. कामाबद्दल शाबासकी मला गिरणीत कधीच मिळाली नव्हती, त्यामुळे जरा वाहवलो. तुमच्यासाठीही वळून ठेवू का, असं तिलाच विचारून बसलो.

तिनं माझा चेहरा जवळून न्याहाळला.

"आधी स्वतःच्या वळा," ती म्हणाली. "हे नाक बघता दुप्पट जाड लागतील."