बसलेला आवाज

आमच्या हॉस्पिटलात कुणाचाही आवाज बसला, की तो सभागृहातल्या खुर्चीवर येऊन बसतो. सभागृहातले माइक-स्पीकर माझ्याकडे, त्यामुळे हे कामही माझ्याच गळ्यात. मी माइक धरतो, हेडफोनवर ऐकतो आणि गोड बोलून आवाजाला उठवतो. बहुतेक उठतात. भाषण असलेल्या डॉक्टरांचे तर लगेच.

त्या दिवशी सिस्टर फिलोमिना खटावकरबाईंना घेऊन आल्या. निवृत्त शिक्षिका. यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन नीट झालं होतं, पण ते काही केल्या डोळे उघडेनात.

"काका फक्त ह्यांच्या 'अहो, ऐकलंत का'ला ओ देतात," सिस्टर म्हणाल्या. "आणि ह्यांनी रडून रडून आवाज बसवून घेतलाय."

आवाज तिसऱ्या रांगेत सापडला. पंख्याखाली, ऐसपैस.

"उठा राव," मी म्हणालो.

"नाही. सगळी नोकरी वर्गात उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा बसलोय."

मला रागच आला. पण त्याचंही खोटं नव्हतं. बाई रडायला लागल्या, तेही आवाज न करता. तो तर खुर्चीत होता.

"बरं, बसल्या बसल्या येता?"

"त्याला माझी ना नाही."

मी व्हीलचेअर मागितली. "ती पेशंटलाच मिळते," सिस्टर म्हणाल्या. "ह्याला काय होतंय?"

"दमलाय."

"मग बसवा." त्यांनी पट्टाही लावून दिला.

अतिदक्षता विभागाच्या दारात वॉचमनने अडवलं. आत एकच नातेवाईक.

"आवाज बाईंचाच आहे," मी म्हणालो.

"मग एकच झाला," तो म्हणाला आणि दार उघडलं.

काकांच्या उशीशी छोटा स्पीकर ठेवला, व्हीलचेअरपाशी माइक धरला. स्पीकरची शिट्टी वाजू नये म्हणून व्हॉल्यूम अगदी बारीक ठेवला.

"अहो," आवाज घोगरा निघाला, "ऐकलंत का?"

काकांच्या पापण्या हलल्या. मग डोळे उघडले.

"ऐकलं," ते म्हणाले. "आवाज बसलाय गं तुझा. किती रडलीस?"

बाईंनी काकांचा हात घट्ट धरला. मला भरून आलं. ही नोकरी लावून देणाऱ्या माझ्या मामांची फार आठवण झाली. किती उपकार त्या माणसाचे!

"पुष्कळ," व्हीलचेअरमधून आवाज म्हणाला, आणि पट्टा सोडून आपणहून उठला.

तो घशात परत येताच बाईंनी त्याच आवाजात त्याचे आभार मानले.