आमच्या पिकअपचा सुपरचार्जर

"त्यात काय एवढं" हे तीन शब्द मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा तोंडावर आपटलो आहे. तरीही त्या रविवारी ते माझ्या तोंडून निघालेच. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "अहो, आपल्या गाडीने ट्रेलर टेकडीवर नेता येईल ना?" आणि मी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर न काढता म्हणालो, "त्यात काय एवढं."

आधी हा ट्रेलर काय ते सांगतो. आमची ही पाव, बन आणि केक करते. सात वर्षं तिने हा उद्योग घरच्या ओट्यावर केला. मग टेकडीवरच्या आरोग्यधामातून निरोप आला. तिथे आजारातून उठलेली माणसं हवापालटाला येऊन राहतात, आणि त्यांना रोज ताजा पाव जागेवर भाजून देणारं कुणीतरी हवं होतं. हिने जुना, पण भट्टी बसवलेला ट्रेलर घेतला, घासूनपुसून पिवळाजर्द रंगवला. पण जागेसाठी आणखी एकजण टपला होता, खालच्या बाजारातला मोठा बेकरीवाला. आरोग्यधामाच्या व्यवस्थापिका बाईंनी दोघांनाही एकच अट घातली होती: महिन्याअखेरच्या सोमवारी सकाळी दहाच्या आत भट्टीसकट हजर व्हायचं आणि पाव भाजून दाखवायचा. जो येणार नाही त्याने जागा विसरायची. सात वर्षांचं स्वप्न आणि सात किलोमीटरचा चढ, मध्ये फक्त आमची पिकअप.

आता थोडं माझ्याविषयी (हा विषय मला आवडतो). मी एका मोठ्या गोदामाच्या सुरक्षा विभागात हेडक्लार्क आहे. आवारात वाहनं कशी उभी करावीत याचं नऊ कलमांचं परिपत्रक माझ्या हातचं आहे. साहेबांनी त्यात एका स्वल्पविरामाचाही बदल केला नव्हता. म्हणूनच ट्रेलर विकणारा आपल्या खटारा जीपने तो शीळ घालत आमच्या अंगणात सोडून गेला, तेव्हा मी नऊच्या नऊ कलमं पाळून तो शास्त्रशुद्ध उभा केला. बायको कौतुकाने बघत होती. निदान बघत होती.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही चाचणी घ्यायची ठरवली. आमच्या गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक छोटा चढ आहे. शाळेतली मुलं तो पाठीवर दप्तर घेऊन पळत चढतात. ट्रेलर जोडून मी गाडी त्या चढावर घातली आणि ती अशी काही कण्हू लागली, की टाकीवरचा वॉचमन धावत बाहेर आला. अर्ध्यावर गाडीने जीव टाकला.

"आपली गाडी आजारी आहे का?" बायकोने विचारलं.

"गाडी ठणठणीत आहे. ताकद कमी पडतेय," मी निदान केलं. (निदान करायला मला एक मिनिटही लागत नाही. माझ्या बहुतेक चुका वेळेच्या आत पूर्ण होतात.)

"पण त्या माणसाच्या जीपने तर आरामात आणला."

"त्याला उतार होता," मी म्हणालो. आमच्या घराकडे कुठूनही आलं तरी उतार नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तिने मान डोलावली. मी बोलतो तेव्हा तिला विश्वास ठेवायची सवय आहे, आणि मला त्या सवयीची जबाबदारी वाटते.

त्याच आठवड्यात मी मेस्त्रींचं गॅरेज गाठलं. मेस्त्री तीस वर्षं गाड्यांखाली झोपून आहेत. मी त्यांना सांगितलं, "सुपरचार्जर बसवायचाय." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा आणि इंजिनात जबरदस्तीने जास्त हवा कोंबणारा पंप. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हे मी तीन रात्रींत व्हिडिओ बघून शिकलो होतो आणि चौथ्या दिवशी मेस्त्रींना शिकवत होतो.

मेस्त्रींनी हात पुसत सगळं ऐकून घेतलं. "साहेब, ओढायला नुसती ताकद पुरत नाही. रेडिएटर बघावा लागतो, ब्रेक बघावे लागतात. आधी तो ट्रेलर आणून दाखवा एकदा."

"त्याचा रंग वाळतोय," मी म्हणालो. "आणि दुखणं ट्रेलरला नाही, गाडीला आहे."

मेस्त्रींनी खांदे उडवले. माणूस दुसऱ्याच्या हट्टावर तीस वर्षं पोट भरतो तेव्हा त्याला खांदे उडवायची कला साधते.

काम तीन रविवार चाललं. काम मेस्त्रींनी केलं, पण मदत माझी होती हे इथे नोंदवलं पाहिजे. मी बोल्ट वाटीत ठेवले. त्यातला एक हरवला तेव्हा मीच तो माझ्या बुटात शोधून काढला. शेवटी बॉनेटखाली तो चकचकीत रुपेरी ठोकळा बसला, गाडी सुरू झाली आणि तिच्यातून एक बारीक, उंच शीळ निघाली. माझ्या अंगावर काटा आला. लग्नातसुद्धा आला नव्हता. (हे बायकोला सांगू नका.)

पुढचा आठवडा मी ट्रेलरशिवाय गाडी सगळीकडे फिरवली. किराणा आणायला गेलो, परत आलो, मीठ राहिलं म्हणून पुन्हा गेलो. ऑफिसच्या दारात पाऊल किंचित जास्त दाबलं तर साहेबांच्या हातातले कागद उडाले. "ही तुमची गाडी?" साहेब म्हणाले. मी नम्रपणे मान झुकवली. इतका नम्रपणा मला आधी कधीच परवडला नव्हता.

अखेर तो सोमवार उजाडला. बायकोने पहाटे पीठ मळून, फुगायला ठेवून, डबे ट्रेलरमध्ये रचले होते. "हे पीठ कुणासाठी थांबत नाही हं," ती गाडीत बसताना म्हणाली. "साडेदहापर्यंत भट्टीत गेलं नाही तर आंबून जाईल. आणि दहाला आपण वर नसलो तर गेलंच सगळं." तिच्या मांडीवर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. मला एकदम कळलं, की ही बाई घाबरली आहे. मी तिच्या हातावर हात ठेवून म्हणालो, "मी आहे ना." (शब्द वेगळे आहेत, पण तेही तीनच, आणि जातकुळी तीच.)

आणि काय सांगू, गाडी चढली. टाकीचा चढ केव्हा मागे पडला कळलंही नाही. टेकडीचा रस्ता सुरू झाला, सुपरचार्जर शीळ घालू लागला आणि ट्रेलर मागून निमूट येऊ लागला. माझी छाती इतकी फुगली की सीटबेल्ट तंग झाला.

दुसऱ्या वळणावर बायको वास घेत म्हणाली, "काहीतरी करपतंय."

"पाव असेल."

"अहो, भट्टी पेटवलेलीच नाही."

"मग नव्या यंत्राचा वास. सुरुवातीला येतो."

चौथ्या वळणावर तापमानाचा काटा लाल पट्टीत जाऊन बसला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघू लागली. गाडी बाजूला घेतली. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती, अजून तीन किलोमीटर बाकी होते, आणि पीठ डब्यांची झाकणं वर उचलू लागलं होतं. बायको काही बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात मला तिच्या बोलण्याची भीती कधी वाटली नाही. न बोलण्याची वाटते.

मागून दुधाचा टँकर येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला, त्याने माझं वाफाळतं इंजिन बघितलं, मग ट्रेलरभोवती एक चक्कर मारली. चाकाजवळ हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"दादा," तो म्हणाला, "ट्रेलरचा हातब्रेक का लावलाय?"

"कारण तो लावायचाच असतो," मी कलम तीन तोंडपाठ म्हटलं. "उभा करताना."

"ते बरोबर. पण निघताना काढायचा असतो ना?"

मी मनातल्या मनात परिपत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. ब्रेक कधी लावावा, किती लावावा, लावला की नाही हे कुणी तपासावं, सगळं होतं. काढण्याविषयी एक अक्षर नव्हतं. महिनाभर तो ब्रेक तसाच होता. बरं, तोही जुना, अर्धवट धरणारा. नवा असता तर पहिल्याच दिवशी चाकं जागची हलली नसती आणि कुणालाही शंका आली असती. म्हणजे पाहायला गेलं तर दोष ब्रेकचाच.

ड्रायव्हरने चाकांमागे दगड लावले. बायको उतरली, ट्रेलरच्या पुढच्या बाजूचा हातब्रेकचा दांडा तिने खाली दाबला. खट् असा आवाज झाला. मेस्त्रींचे तीन रविवार आणि माझे तीन रात्रींचे व्हिडिओ त्या एका खटक्यात निकालात निघाले.

"नऊ कलमं ना?" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "दहावं मी घालते." आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला इतकं हायसं वाटलं, की मीही हसलो.

"पण एक आहे," ड्रायव्हर रेडिएटरमध्ये आमचं पीठ मळायला आणलेलं पाणी ओतत म्हणाला, "ब्रेक लावलेला ट्रेलर चार किलोमीटर चढावर ओढला म्हणजे गाडी दमदार आहे हो तुमची." हे वाक्य मी घरी गेल्यावर तारीख टाकून लिहून ठेवलं आहे.

वीस मिनिटं चाकं निवू दिली आणि निघालो. आता ट्रेलर मागे आहे की नाही हे बघायला मला दर वळणावर आरशात डोकवावं लागत होतं. दहाला बारा मिनिटं कमी असताना आम्ही आरोग्यधामाच्या फाटकात शिरलो. बेकरीवाला आधीच आला होता. पण त्याने भट्टी न आणता खालून भाजलेले पाव आणले होते, आणि बाईंनी त्याला अट पुन्हा एकदा वाचून दाखवली.

बायकोने भट्टी पेटवली. पाऊण तासाने तिने पहिला पाव मोडून व्यवस्थापिका बाईंच्या हातात दिला. बाईंनी डोळे मिटून तो खाल्ला, दुसरा तुकडा मागितला आणि म्हणाल्या, "जागा तुमची. ट्रेलर मात्र आता इथेच कायम राहू द्या. रोज वरखाली करायची काही गरज नाही."

म्हणजे ज्या ओढण्यासाठी हा सगळा खटाटोप, ते ओढणं आयुष्यात एकदाच व्हायचं होतं आणि ते होऊन गेलं होतं. पण ट्रेलरच्या दारात पीठ लागलेल्या हातांनी उभी असलेली बायको बघितली, आणि खरं सांगतो, मला तिचा इतका अभिमान वाटला की गाडीचा अभिमान क्षणभर दुसऱ्या नंबरवर गेला.

क्षणभरच. कारण मागे वळून बघतो तर माझ्या पिकअपपुढे पंधरा-वीस माणसं जमली होती. शाली पांघरलेली, काठ्या टेकलेली, सगळ्यांची नजर बॉनेटवर. मी लगबगीने जाऊन बॉनेट उघडलं. अजून थोडी वाफ येत होती. मी त्यांना सुपरचार्जर दाखवला, हवा कशी कोंबली जाते ते समजावलं, ताकद किती वाढते तेही. लोकांनी इतकं शांतपणे माझं कधीच ऐकलं नव्हतं. सगळ्यांत पुढचे आजोबा तर मान डोलावत होते.

"काही शंका?" मी शेवटी विचारलं.

"एकच," आजोबा हातातली रिकामी बशी पुढे करत म्हणाले. "वाफ येतेय केव्हाची. आम्हाला वाटलं भट्टी हीच. पाव ह्यातून कधी निघतात?"