चितळांची दुसरी झोप

मुलांनो, एका जंगलात चितळांचा एक कळप राहत होता. आपल्याला नीट झोपता येत नाही, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

निम्मी चितळं डुलकी घेत, निम्मी कान टवकारून रवंथ करत. वर ऐनाच्या झाडावर एक म्हातारा वानर बसे. त्याला सगळे आबा म्हणत. वाघ दिसला की आबा खाकरल्यासारखा ओरडे आणि कळप पळे.

एका हिवाळ्यात दूर देशाहून एक करकोचा आला. तो एका पायावर झोपे, त्यामुळे विद्वान दिसे.

"झोपेचे दोन भाग करा," तो म्हणाला. "पहिली झोप झाली की उठून घटकाभर बसा. मनात म्हणा, आता दिसेल ते स्वप्न असेल, आणि मला ते कळेल. मग दुसरी झोप. तिच्यात स्वप्न तुमच्या मुठीत."

चितळांना मूठ नसते. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

चौथ्याच दिवशी कळपाचा म्होरक्या शिंगोजीराव सांगू लागला, "वाघ समोर आला. मी ओळखलं, हे स्वप्न. म्हटलं, बस खाली. बसला. मग पाय चेपून घेतले."

तेव्हापासून रोज सकाळी हेच. कुणाच्या वाघाने गवत खाल्लं, कुणाच्या वाघाने माफी मागितली. पाणवठ्यावर ताजे पंजे उमटत होते. त्यांच्याबद्दल बोलणं मागासलेपणाचं ठरलं.

ठिपकी नावाच्या हरिणीला मात्र जमेना. तिचं पिल्लू दोन महिन्यांचं होतं.

"सर, पिल्लू कुशीत असलं की माझे कान मिटतच नाहीत."

"कान हीच तुझी अडचण," करकोचा म्हणाला. "आणि तो वानर. ऐन स्वप्नात खोकतो."

शिंगोजीरावाने आबाला बोलावलं. "आबा, काल तुमच्यामुळे माझा वाघ अर्ध्यातून उठून गेला."

"काल खराच आला होता, राव."

"खरा कोणता ते तुम्ही नका ठरवू. ऊन येईपर्यंत गप्प बसा, नाहीतर दुसरं झाड बघा."

आबाने ठिपकीकडे पाहिलं. "तू काय म्हणतेस, पोरी?"

ठिपकीला चारचौघींसारखं व्हायचं होतं. "एकच दिवस, आबा," ती खाली बघत म्हणाली. "मलाही बघू दे की एकदा."

आबा ओढ्यापलीकडे गेला.

त्या पहाटे सबंध कळप एकदम दुसऱ्या झोपेत शिरला. वाघ चालत आला. पळायची गरजच नव्हती. त्याने दोन-तीन चितळं हुंगली, मग कोवळं पाहून निवडलं.

पिल्लाची किंकाळी ठिपकीने ऐकली. हे स्वप्न आहे, तिने ओळखलं. शिकवल्याप्रमाणे तिने किंकाळीचं हसू केलं.

ऊन आल्यावर ती कुशीतलं गवत चाटत बसली. ते चिकट होतं.

"पण ओळखलंस ना?" करकोचा म्हणाला. "पहिल्याच खेपेला?"

कळपाने तिचं कौतुक केलं. शिंगोजीरावाने नव्या हरिणींना शिकवायला तिलाच नेमलं.

दुसऱ्या पहाटे तिने पिल्लाला परत आणलं. पोटभर पाजलं. जाग आली तेव्हा तिची कास दुधाने ठणकत होती.

तात्पर्य: वाघाला हाकलणं अवघड असतं, वानराला हाकलणं सोपं. शहाण्याने नेहमी सोपं काम आधी उरकावं.