दात बघून घेतलेली खोकी

आमच्या शेजारचे रंगनाथ तात्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे दात बघतात.

ऑनलाइन मागवलेली वस्तू घरी आली की आपण आधी खोकं फाडतो. तात्या "थांब, थांब!" करत कुंपणापलीकडून येतात. खोक्याची कड वाकवून आतली नागमोडी घडी अंगठ्याने चाचपतात, चारी कोपऱ्यांवर टिचकी मारतात आणि पाठीवर थोपटून निकाल देतात. "नेटकं हाय. पाच पदरी हाय. अजून लई चालंल."

यात त्यांचा काही दोष नाही. घोडेगावच्या बाजारात त्यांनी उभा जन्म जनावरांची दलाली केली. गुडघे दुखायला लागले तसा बाजार सुटला, नजर काही सुटली नाही. आमच्या कॉलनीत आता जनावरं कुठली? येतात ती खोकी. चपला खोक्यातून, मिक्सर खोक्यातून. मनीषावहिनींनी, म्हणजे तात्यांच्या सुनेने, मध्ये साधा झाडू मागवला, तर तोही माणसाच्या उंचीच्या खोक्यातून आला. प्रत्येक घरामागे पुठ्ठ्याची थप्पी आहे. कुणी पेटवून देतो, कुणी ओढ्यात टाकतो, उरलेला मोकाट गाई चघळतात. मागवायचं मात्र कुणी थांबवत नाही. मीही नाही.

एकदा मी मोबाईलचं कव्हर मागवलं. ते एवढ्या थोरल्या खोक्यातून आलं की तात्या त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. आत हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि तळाशी ते कव्हर. तात्या कितीतरी वेळ हसत होते. "गाभण म्हनून दारात आनली, अन् पोटात निस्ता वारा! मास्तर, तुमाला गंडवलं."

मी मास्तर नाही, पतसंस्थेत कारकून आहे. पण शिकलेला माणूस म्हणजे मास्तर, हा तात्यांचा हिशेब. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. नगरला रोज जाण्यायेण्याची सोय नव्हती तेव्हा तात्या मला जनावरांच्या टेम्पोत पुढे बसवून न्यायचे. अंगाला असा काही वास यायचा की वर्गात माझा बाक मला एकट्याला मिळे. पण पदवी मिळाली ती त्या टेम्पोमुळे. त्यामुळे आमच्याकडचं प्रत्येक खोकं मी न फाडता, चिकटपट्टी अलगद सोडवून तात्यांना देतो.

या खोक्यांचं ते करतात काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज चार वाजता चहा घेऊन एक खोकं काखोटीला मारायचं, खालच्या आळीकडे निघायचं आणि दिवेलागणीला तेच खोकं घेऊन परत यायचं. एकदा फिरवून आणलेलं खोकं पडवीत जाई, ते पुन्हा सहसा बाहेर पडत नसे.

गेल्या रविवारी मनीषावहिनींचा धीर सुटला. तात्या दुपारी झोपलेले बघून त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं आणि पडवी रिकामी केली. आवाजाने तात्या उठले ते धोतर सावरत धावतच आले. हातगाडी कोपऱ्यावरून वळून गेली होती.

"एक तरी नवं ठिवायचं हुतं, सूनबाई!"

"तात्या, पाय ठेवायला जागा नव्हती. लोकं मला इचारत्यात, म्हातारा खोक्यात ऱ्हायला जानार हाय का!"

तात्या पायरीवर बसले. "आता गेन्याकडं काय घिऊन जाऊ? रिकाम्या हातानं गेलो तर त्यो हात बाहीर काढत न्हाई."

गेणूभाऊ म्हणजे बाजारातले दुसरे दलाल, तात्यांचे जन्माचे हाडवैरी असं आम्ही ऐकून होतो. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि वाचा बसली. उजव्या हाताची बोटं जराशी हलत होती. ती हलवत राहिली नाहीत तर कायमची आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू गेणूभाऊंनी अंगणात फेकला होता.

"चेंडूचा काय सौदा करायचा?" तात्या म्हणाले. "त्याला माल लागतो. अन् रोज नवा. जुन्याच खोक्याला नवी पट्टी लावून नेलं, तर बघताक्षनी वळाखलं बेन्यानं!"

वहिनी वळल्या. आत गेल्या. भांड्यांचा खडखडाट झाला. आदल्याच दिवशी आलेला नवा कुकर ओट्यावर ठेवून त्या रिकामं खोकं घेऊन बाहेर आल्या. "हे न्या. कोरं हाय."

खोकं घेऊन मीही तात्यांबरोबर निघालो.

गेणूभाऊ ओसरीत बाजेवर भिंतीला टेकून बसले होते. तात्यांनी खोकं पुढ्यात ठेवलं. "बघ, खिलार हाय! मारकं न्हाई, लाथ न्हाई. पोरानं धरलं तरी गुमान चालतंय." गेणूभाऊंनी डाव्या हाताने कड चाचपली आणि तोंड वाकडं केलं.

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या उजव्या हातांवर टाकला. आमच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली बोटं दाबून सांगतात. तो घेणाऱ्यादेणाऱ्यालाच कळतो, तिसऱ्याला नाही. या व्यवहाराला वाचा लागतच नाही, हे तिथे बसल्यावर माझ्या ध्यानात आलं.

टॉवेल हळूच हलला.

"काय? एवढाच?" तात्या ओरडले. "आरं, लुटायला बसला का काय? लाज धर, गेन्या!"

गेणूभाऊंच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू पसरलं. टॉवेल पुन्हा हलला. तात्यांनी एक ठेवणीतली शिवी दिली. दारात उभी असलेली गेणूभाऊंची सून पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग टॉवेलची हालचाल थांबली. तात्याही गप्प झाले. कापडावर वरून नुसती एक गच्च मूठ उमटली होती. ती सुटेना.

"तात्या," मी शेवटी हळूच विचारलं, "ठरलं का?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"दम धरा, मास्तर," ते म्हणाले. "अजून बोलतोय त्यो."