चंद्रिका टॉकीज आणि न काढलेल्या धारेची बखर

श्रीशिवाई समर्थ. शिवनेरीच्या पायथ्याचे जुन्नर शहर, तेथील बाजारपेठेमागील आळीत चंद्रिका टॉकीज नामे एकपडदी चित्रगृह, त्यावर जे महासंकट गुदरले आणि ज्या युक्तीने ते निवारिले गेले, त्याची साद्यंत हकिकत पुढील पिढ्यांस कळावी म्हणोन लिहून ठेविली आहे. मोठमोठ्या लढाया लिहिणारे मोठमोठे लोक होऊन गेले. त्यांस तोफा मिळाल्या, हत्ती मिळाले. आमच्या वाट्यास म्हैस आली. तरी खरे तेच लिहावे, पदरचे घालू नये, आणि घातलेच तर बेतात घालावे, हा आमचा नेम.

टॉकीजचे धनी राजमान्य दादाभाऊ, वयाने पिकलेले, स्वभावाने मऊ, आणि निर्णय घ्यावयाचा म्हटला की ज्यांचे पोट दुखे ऐसे. त्यांची अपत्ये दोन. थोरले चिरंजीव गोरखराव, कांद्याचे मातबर व्यापारी, दोन मोबाईल बाळगणारे. त्यांचे गोठ्यात चांदणी नामे म्हैस, पारडी होती तेव्हापासून खाशांनी आपल्या हाते वाढविलेली. पूर्वी तिची धारही खासेच काढीत, परंतु व्यापार वाढला आणि धारेचे काम त्यांच्या कुटुंबाकडे, म्हणजे रत्नाबाईंकडे गेले, ते गेलेच. वाचणाराने हे ध्यानी ठेवावे, पुढे कामास येईल.

धाकटी कन्या सोनलबाई. ती पुण्यास राहून चित्रपटविद्या संपादून आली आणि तिने टॉकीजीत रविवारी विशेष खेळांचा पायंडा पाडिला. जे चित्रपट अन्यत्र कोणी लावीत नाही ते येथे लावावे, दूरदेशीचे असल्यास खाली मराठी अक्षरे उमटवावी, आणि प्रत्येक खेळास काही निराळा थाट करावा, ऐसा तिचा मनसुबा. मुलखातील लोक मायाळू. खेळास येत, शेंगदाणे खात, पोरगी शिकून आली म्हणोन कौतुक करीत, आणि अर्ध्यातून उठून जात.

हे पाहोन गोरखरावांनी तीर्थरूपांपुढे अर्ज गुजारिला, की रिकाम्या खुर्च्यांस पिच्चर दाखविण्यापेक्षा टॉकीजची कांद्याची वखार करावी, छप्पर उंच आहे, हवा खेळती राहावी म्हणोन भिंतींस झरोके पाडावे, आणि पडदा उतरवून त्याची ताडपत्री करावी. पडद्याची ताडपत्री हे शब्द कानी पडताच सोनलबाईंनी ताटावरून उठून खोलीचे दार लावून घेतले. त्या पडद्यासाठी ती पुण्यातील बरी नोकरी सोडून आली होती आणि दुसरीकडे जाण्यासारखे तिजपाशी काही उरले नव्हते, हे घरात सर्वांस ठाऊक होते. दादाभाऊंचे पोट दुखू लागले. आणि मग त्यांनी फर्मान सोडिले ते येणेप्रमाणे: तीन रविवार, तीन खेळ. त्यांतील एक तरी खेळ भरल्या घरात, आरंभापासून समाप्तीपर्यंत, एकही प्रेक्षक उठून दाराबाहेर न जाता पार पडावा. लघुशंकेस माफी, परंतु परत येण्याच्या बोलीवर. तैसे जाहल्यास टॉकीज सोनलची, न जाहल्यास गोरखची वखार.

पहिले रविवारी कृष्णधवल दिवसाची मोहीम नेमिली. प्रेक्षकांनी काळे अथवा पांढरे लेवून यावे ऐसी दवंडी मोबाईलवर फिरविली. थोर मंडळींस अडचण नव्हती, टोपीपासून धोतरापर्यंत ती पांढरीच असतात. परंतु काळे लेवून चार माणसांत जाणे बायकांस मंजूर न जाहले, त्या हिरव्या-लाल लुगड्यांतच आल्या आणि वर काळ्या छत्र्या घेऊन बसल्या. खेळाआधी रिवाजाप्रमाणे सत्कार. तालुक्यातील लग्ने, दशक्रिया आणि शाळांची संमेलने, या सर्वांच्या माईकचे परंपरागत वतनदार रविंद्र सर उभे राहिले आणि आजी-माजी सरपंचांपासून ज्यांचे कोणी काही लागते त्या सर्वांची नावे घेते जाहले, आणि ज्याचे नाव झाले त्यास टोपी, उपरणे, नारळ. अखेर दिवे मालवले आणि पडदा उजळला, तो नारळवाले नारळ घेऊन कधीच पसार. मागे छत्र्या तेवढ्या राहिल्या. पहिली शिकस्त ही.

दुसरे रविवारी मूकपट. पडद्यापुढे जिवंत वाद्यांची साथ असावी म्हणोन आळेफाट्याकडील बँडपथक बोलाविले. पथकास वरातीची चाल तेवढी पक्की, म्हणोन पडद्यावर नायिकेचा बाप मरत असता तीच वाजली आणि मागील रांगेत दोघे नाचले. तरीही घर बसून होते. सोनलबाईंचे मुखावर तेज चढले. आणि इतक्यात दुपार कलली. कोणी एक उठला, म्हणाला, “धारंची येळ झाली राव.” आणि मग धरणाचा दरवाजा उघडावा तैसे अवघे घर बाहेर लोटले. हा मुलूख दुधाचा. येथे सूर्य एक वेळ चुकेल, म्हशीची धार चुकत नाही. दुसरी शिकस्त ही.

विजय दिसू लागताच गोरखराव थांबेनात. त्यांनी दुसरेच दिवशी कांद्याच्या गोण्या आणून पडद्याखाली रचविल्या. एकीवर वजनकाटा ठेविला. सोनलबाईंनी ते पाहिले आणि त्या खुर्च्या पुसत राहिल्या.

त्या सांजेस स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता जे खलबत जाहले, ते या मोहिमेचे वर्म. रत्नाबाई म्हणजे शत्रूच्या गोटातील, खुद्द गोरखरावांचे कुटुंब. परंतु वखार झाल्यास गोण्या मोजणे कोणाच्या गळ्यात पडणार हे त्यांस उमजले होते, आणि दोन्ही मोबाईल कानाचे काढून नवरा शेवटचा केव्हा बोलला हेही स्मरत नव्हते. त्या नणंदेस म्हणाल्या, “वन्सं, मानूस नावासाठी बसतोय. नाव घेतलं की उठला. मंग सत्कार शेवटी ठेवा की.”

सोनलबाईंनी मेथीची जुडी खाली ठेविली. इतकी मोठी मसलत इतक्या थोड्या शब्दांत आम्ही तरी अन्यत्र ऐकिली नाही.

आणि मग तिसरे रविवारी मुक्या जीवांचा दिवस जाहीर केला. प्रत्येकाने आपल्या गोठ्यातील जनावराची तसबीर आणावी, ती टॉकीजच्या भिंतीवर टांगली जाईल, आणि खेळ संपताच पालकाचा, जनावराच्या नावानिशी, जाहीर सत्कार होईल. डिंगोऱ्याहून, आळ्याहून, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून लोक लोटले. बैलांच्या तसबिरी, गाईंच्या तसबिरी, एकाने कोंबडा आणिला तो जिताच. खुर्च्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा मंडळी गोरखरावांच्या गोण्या मधल्या वाटेत ओढून त्यांवर बसली. वैऱ्याचा दारूगोळा आपल्या कामी आला तो ऐसा. रत्नाबाईंनी चांदणीची तसबीर पदराआड आणून लाविली. आणि आळ्यास निरोप धाडून आपल्या मातोश्री जानकाबाई यांसही बोलावून घेतले, त्यांस मधल्या रांगेत बसविले. या दोहोंची खबर गोरखरावांस नव्हती.

गोरखराव दाराजवळील खुर्चीवर बसले. त्यांचा बेत सोपा. फर्मानात एकही प्रेक्षक म्हटले होते, गोरखराव सोडून म्हटले नव्हते. ऐन वेळी आपणच उठावे, दाराबाहेर पाऊल टाकावे, आणि वखार जिंकावी. दादाभाऊ हे ओळखून होते. ते पोटावर हात ठेवून दारातच स्टूल टाकून बसले.

चित्रपट दूरदेशीचा. त्याचे नाव आमच्याच्याने उच्चारवेना, लोक त्यास पुढे म्हशीचा पिच्चर म्हणू लागले, आम्हीही तेच म्हणतो. सोनलबाईंनी रात्रंदिन खपून मराठी अक्षरे केली होती, परंतु पात्रे बोलतील तर अक्षरे उमटतील. एक म्हातारी. तिचा म्हातारा नुकताच वारला. गोठ्यात एक म्हैस, शिंगे अंमळ आखूड, परंतु जात म्हशीचीच. म्हातारी उंबऱ्यावर बादली घेऊन बसली आहे आणि म्हैस रेकते आहे. म्हातारी उठत नाही. म्हैस रेकते आहे. कॅमेरा हलत नाही. या प्रसंगी परगावचे पंडित जांभया देतात ऐसे ऐकितो.

परंतु हे घर पंडितांचे नव्हते. प्रथम गोण्यांवर चुळबुळ जाहली. मग कोणी म्हणाले, कास तटतटली बघा. मग दुसरे म्हणाले, आज सकाळचीबी काढलेली न्हाई, सांगतो मी. एक बाई मोठ्याने म्हणाल्या, “आगं ऊठ की बये, जनावराचा जीव जाईल!” रविंद्र सरांनी माईकवरून शांततेचे आवाहन केले, त्यांस कोणी विचारिले नाही. आणि मग म्हातारी उठली, म्हशीखाली बसली, हात लाविला, आणि म्हशीने लाथेने बादली उडविली. अवघ्या घराने श्वास आत ओढिला.

तेव्हा मधल्या रांगेतून जानकाबाईंचा आवाज आला, हळूच, स्वतःशी बोलावे तैसा. “म्हाताऱ्याच्या हाताची सवय व्हती तिला. आता ती पान्हा न्हाई सोडायची.”

हे ऐकून टॉकीज ऐसी निपचित जाहली, की आणलेला कोंबडाही गप्प राहिला. कैक बायकांनी पदर डोळ्यांस लाविले. आम्हीही लाविले असते, आम्हांस पदर नाही.

आणि नेमके तेच समयी गोरखराव उठले.

सोनलबाईंनी पाहिले. रत्नाबाईंनी पाहिले. दादाभाऊ दारातल्या स्टुलावरून उठले, लेकास अडवावे की वाट द्यावी हे त्यांस कळेना. गोरखरावांनी एक पाऊल उचलिले, आणि ते दाराकडे न पडता पडद्याकडे पडले. दुसरेही तिकडेच. खासे मधल्या वाटेत उभे राहून, दोन्ही हात पुढे करून, पडद्यावरील म्हातारीस ओरडोन म्हणाले, “आगं आंबोण खायला ठिव आधी तिच्याम्होरं! पाठीवरनं हात फिरव! लगीच कासंला हात नगं घालू!”

म्हातारीने ऐकिले नाही. ती परमुलखातील. परंतु मागून फर्मान सुटले, आणि या वेळी ते जानकाबाईंचे होते: “जावईबापू, खाली बसा. म्हस दिसंना.”

गोरखरावांनी वळून पाहिले. सासूबाई येथे कशा, केव्हा, कोणाच्या निरोपाने, हा विचार करण्यास सवड नव्हती. भर सभेत सासूचा शब्द मोडणारा जावई या मुलखात अद्याप निपजला नाही. ते जेथे उभे होते तेथेच, आपल्याच कांद्याच्या गोणीवर, बसले. दोन्ही मोबाईल वाजले. दोन्ही बंद केले.

शेवटी म्हातारीने बादली पुन्हा उचलिली, म्हाताऱ्याचे जुने जाकीट अंगात घातले, गोठ्याकडे चालू लागली, आणि ती पोहोचण्याच्या आत पडदा काळा जाहला. समाप्त.

दिवे लागले. बाहेर धारेची वेळ होऊन गेली होती, तरी कोणी उठेना. मग एकाएकी गदारोळ उडाला. डिंगोऱ्याची मंडळी म्हणे, जाकिटाचा वास आला की म्हैस पान्हा सोडणारच. आळ्याची मंडळी म्हणे, म्हैस फसत नाही, लिहून घ्या. रविंद्र सर एकेका जनावराचे नाव पुकारीत होते, नारळ वाट पाहत होते, आणि मंडळी ज्या नारळांसाठी बसली होती त्यांकडे कोणी ढुंकून पाहीना. इतक्यात चांदणी म्हशीचे पालक गोरखराव, ऐसी ललकारी जाहली. तसबिरीवर सर्वांचे डोळे गेले. गोरखरावांनीही ती तेव्हाच प्रथम पाहिली, आणि मग रत्नाबाईंकडे पाहिले, आणि रत्नाबाईंनी दुसरीकडे पाहिले.

गोरखराव पडद्याजवळ जाऊन धाकट्या बहिणीस पुसते जाहले, “सोनल, काढली का गं धार शेवटी?”

“ते न्हाई दाखवलं, दादा.”

“आसं कसं न्हाई दाखवलं?”

“तेवढंच हाये.”

खासे वळले. आणि मग नारळ न घेता टॉकीजबाहेर पडले. समाप्ती होऊन गेली होती, सबब हे जाणे फर्मानाच्या विरुद्ध धरिले नाही.

दादाभाऊंनी निवाडा दिला. पोट दुखत नव्हते. घर भरलेले होते, समाप्तीपूर्वी दाराबाहेर कोणी गेला नाही. गोरख उठला खरा, परंतु पडद्याकडे गेला, आणि पडदा टॉकीजच्या आतच आहे. येणेप्रमाणे टॉकीज सोनलची. पडदा कायम. भिंती साबूत. गोण्या उद्या उचलाव्या. म्हशीचा पिच्चर लोकाग्रहास्तव पुढील रविवारी पुन्हा लावावा, त्याची समाप्ती पुन्हा नीट पाहिली जाईल. सोनलबाईंनी वजनकाटा स्वतः उचलून बाहेर ठेविला आणि परत येताना त्यांस रडू आवरेना, ते त्यांनी आवरिलेही नाही. गोरखरावांचा नारळ जानकाबाईंनी जावयाच्या वतीने स्वीकारिला. लेखकास नारळ पोहोचला नाही, हेही नमूद असावे.

रत्नाबाई लगबगीने घरी निघाल्या, धारेची वेळ टळून गेली होती. गोठ्याच्या दाराशी येऊन थबकल्या. आत आंबोण ठेविलेले. चांदणीच्या पाठीवर गोरखरावांचा हात फिरत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खासे म्हशीखाली बसले होते, इतक्या वर्षांनी, आणि तोंडाने काही पुटपुटत होते ते व्यापाराचे नव्हते. मग बादली गुडघ्यांत धरून त्यांनी कासेस हात लाविला. चांदणीने मान वळविली, हुंगिले, बराच वेळ पाहिले.

आणि पान्हा सोडिला. फत्ते जाहली. दप्तरी नमूद.