तान्हाई बुरडीण हयात ठरली त्याची हकीकत

श्रीसटवाई प्रसन्न. जिने कपाळी ओढिलेली रेघ कोणाच्याने पुसवत नाही, तीस नमन करून हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मासी सरकारातून दौलतीत ताकीद फिरली की, ज्या वृद्ध रयतेची उपासमार होऊ नये म्हणोन दरमहा वेतन बांधून दिल्हे आहे, तिने कचेरीत येऊन यंत्रावर अंगठा ठेवावा, आणि रेघा उमटतील तो हयात, न उमटतील तो मयत समजावा. ते समयी कसब्यात तान्हाई बुरडीण म्हणोन सत्तरीची एकटी बाई होती. वेतनात तिचे जोंधळे आणि दम्याच्या गोळ्या येत, आणि सुपेटोपल्या विणून मीठमिरची भागे. ताकीद ऐकताच तिने आपला अंगठा पाहिला, तो साठ वर्षे बांबू सोलून गुळगुळीत जाहला होता. मग ती कचेरीत गेली आणि अंगठा ठेविला, आणि यंत्र लाल जाहले, आणि पदरास पुसून ठेविला, तरी लालच. कारकून खालमानेने बोलिले, "आजी, दप्तरी तुम्ही मयत लागता."

तान्हाई म्हणाली, "साहेब, या गावात मयताला बांबू माझ्याच दारचा जातो. माझ्यासाठी अजून कुणी न्यायला आलं नाही."

कारकुनास वाईट वाटले, आणि त्यांनी महिन्याची मुदत देवविली, तोवर वेतन तहकूब, आणि सांगितले की, काम सोडावे, हातास तेल चोळावे, म्हणजे रेघा फुटतात. मग तान्हाईने कोयता आढ्यास खोचिला, आणि रोज सकाळी अंगठा उन्हात धरून न्याहाळी, आणि लगीनसराईच्या सुपांची गिऱ्हाइके आली ती माघारी लाविली, आणि मिरची सरली, मग मीठ सरले, आणि गोळी अर्धी अर्धी मोडून खाल्ली. रेघा न फुटल्या तर काय, या धास्तीने अन्न गोड लागेना, आणि अन्न तरी कोठे होते. मुदत भरली त्या दिवशी बाईने कचेरीत जाऊन पुन्हा अंगठा ठेविला, आणि यंत्र हिरवे जाहले.

कारकून संतोष पावले आणि बोलिले, "जिवंत आहात आजी. आता दरमहा पैसे घेतानाही हाच अंगठा लागेल. जपा."

तान्हाई अंगठा पदरात गुंडाळून घरी आली. दारी गिऱ्हाईक पाच सुपे मागत उभे होते. तिने कोयत्याकडे हात नेला आणि आखडता घेतला.

तात्पर्य, दारिद्र्य हटावे म्हणोन दौलतीने वेतन दिल्हे, आणि बाईने काम करावे तर दप्तरी मरण, न करावे तर घरी मीठमिरचीवाचून भाकर, ऐसा बंदोबस्त जाहला. बाई हयात आहे. कोयता अद्याप आढ्यासच आहे.