आधी तिथं बसून येतो

भूपालअण्णांनी एका कथेसाठी भिंत चाटली होती. कथेतला कैदी तहानेनं कोठडीची भिंत चाटतो, असा प्रसंग होता. चुन्याची चव माहीत नसताना लिहायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. कैदी दुसऱ्याच पानावर सुटला. अण्णांची जीभ मात्र आठवडाभर सोलवटलेली होती.

आमच्या कॉलनीत महिन्यातून एकदा कथामंडळ भरतं. सात-आठ जण आपापल्या कथा वाचतात. खुर्च्या, चहा आणि वेळेवर सुरू करणं माझ्याकडे. अण्णा माझे शेजारी, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. कोणी वाचायला लागलं की ते डोळे मिटतात. देसाईबाईंनी एकदा ‘रम्य संध्याकाळ होती’ अशी सुरुवात केली. अण्णांनी डोळे न उघडता विचारलं, “रम्य म्हंजे? वास कशाचा येतोय, भज्यांचा का गटारीचा?”

“अण्णा, प्रेमकथा आहे ही.”

“मग भज्यांचा धरतो. वाचा फुडं.”

स्वतः लिहिताना त्यांचा नियम एकच, “आधी तिथं बसून येतो.” खानावळीवर लिहायचं ठरलं, तेव्हा हा जन्माचा शाकाहारी जैन माणूस तांबड्या रश्श्याच्या खानावळीबाहेर दुपारभर स्टूल टाकून बसला. मी हटकलं तर म्हणाले, “वैनी, वास शाकाहारीच असतोय की.”

कागलजवळच्या एका गुऱ्हाळात ते उसाचा रस उकळत असलेल्या काहिलीशेजारी डोळे मिटून बसले. गुळव्या म्हणाला, “पावणं, झोप आली असंल तर घरला जावा.”

“झोपलो न्हाय. रस काय बोलतोय ते ऐकतोय.”

गुळव्यानं यांना ऊन लागलं असं ठरवलं आणि एका मोटारसायकलवर मागं बसवून घरी पाठवून दिलं.

त्यांच्या कथेतली जागा अशी उभी राहायची की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. अडचण एवढीच की त्या जागेत काही घडायचं नाही. त्यामुळे आजवर त्यांची एकही कथा छापून आली नव्हती. यंदा मंडळानं स्वतःचंच पुस्तक काढायचं ठरवलं. विषय ‘माझं घर’. आपलं नाव छापलेलं दिसणार म्हणून अण्णांनी नवा शर्ट शिवला, फोटो काढून दिला. कथा मात्र देईनात.

छपाईला द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते बाहेरच्या खोलीत बसले होते, पुढ्यात कोरे कागद.

“अण्णा, उद्या सकाळी सगळं प्रेसला जाणार. तुमची कथा नसेल, तर तुमच्याशिवाय पुस्तक निघेल.”

“चार दिस झालं बसतोय की. कानाला कायबी येत न्हाय. फ्रिज तेवढा घुमतोय.”

त्यांच्या पत्नीला, शांताक्कांना, जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा बेंगळुरूला. घर मात्र स्वच्छ होतं, एकट्या माणसाचं असतं तसं.

“वैनी, एक काम करशीला? आत जाऊन जरा भांडी वाजवा.”

मला स्वयंपाकाला उशीर होत होता. तरी आत गेले. मांडणीवरची दोन पातेली काढून पुन्हा ठेवली.

“तसं न्हाय,” बाहेरून आवाज आला. “पावण्यासारखं वाजवू नका. जरा रागानं.”

मी डाव भांड्यात टाकला. झाकण ओट्यावर आपटलं. ताट जरा जोरातच ठेवलं. बाहेर पेन चालतंय का म्हणून दारातून डोकावले. अण्णांनी पेन उचललंच नव्हतं. डोळे मिटलेले होते. स्वयंपाकघराकडे मान वळवून ते हळूच म्हणाले, “आलो गं. आलो की.”

मी मागे सरकले आणि आणखी एक पातेलं काढलं.